रात्रीच्या धुना लिहिणारे शोपँ

यंदा दिवाळीला माझा दादा सुरतहून आला नाही. घरी करमेना, म्हणून आईने मला नागपूरला मामाकडे पाठवलं. तिथे रात्री जेवणं झाली की शेजारच्या घरातून पेटीसारखं काही ऐकू यायचं. पण पेटी नव्हती ती, पियानो होता. एक दिवस तिथल्या आजींनी मला आत बोलावलं आणि ती धून ज्यांची, त्या फ्रेडरिक शोपँ यांची हकिगत सांगितली. तीच इथे लिहिते.

शोपँ यांचा जन्म १८१० साली पोलंड देशात, वॉर्सा शहरापासून दूर नसलेल्या झेलाझोवा वोला या खेड्यात झाला. वडील फ्रेंच शिकवायचे. लुडविका ही थोरली बहीण. सातव्या वर्षी त्यांची पहिली रचना छापून आली. मी सातवीत आहे, अन् मला अजून पेटीवर सारेगम धड येत नाही!

२ नोव्हेंबर १८३० रोजी, विशीतले शोपँ परदेशी निघाले. महिना व्हायच्या आतच वॉर्सात रशियाच्या झारविरुद्ध बंड झालं. पुढच्या वर्षी झारच्या फौजेने ते मोडून काढलं. शोपँ पॅरिसला गेले ते तिकडचेच झाले. मोठ्या घरच्या मुलींना पियानो शिकवून त्यांनी पोट भरलं. नाव खूप झालं, पण घर पुन्हा दिसलं नाही. आईवडिलांची भेट झाली ती एकदाच, १८३५ साली, आणि तीही परमुलखात.

घर सुटलेली पोलंडची माणसं आपल्या महाराष्ट्रानेही पाहिली आहेत बरं का. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी अशी सुमारे ५ हजार माणसं राहिली होती. बायका-मुलंच जास्त.

आता त्या धुनेबद्दल. तिला नॉक्टर्न म्हणतात, म्हणजे रात्रीची धून. ही रीत आयर्लंडच्या जॉन फील्ड यांनी पाडली. शोपँ यांनी अशा २१ रचना केल्या. डावा हात खाली संथ झुलत राहतो आणि उजवा हात गातो. शब्द नसतात. आजींनी पियानोचं झाकण उघडून दाखवलं. पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर पडते. आपल्या शाळेच्या पेटीत भात्यात हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोचा सूर मात्र वाजला की लगेच विरायला लागतो. म्हणून त्यावर गळ्यासारखं गाणं काढणं फार कठीण. शोपँ आपल्या शिष्यांना चांगले गायक ऐकायला लावत, ते यासाठीच.

१८३० सालचीच एक धून त्यांनी लुडविकासाठी लिहिली होती. ती छापली गेली ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. आजींनी ती वाजवली तेव्हा मामीसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

शोपँ यांची छाती कायम दुखरी. १८४९ साली आजार फार वाढला, तेव्हा लुडविका पोलंडहून पॅरिसला आली आणि शेवटपर्यंत जवळ राहिली. १७ ऑक्टोबरला ते गेले. वय अवघं ३९. देह पॅरिसला पुरला. पण त्यांचं काळीज बहिणीने बरणीत घालून वॉर्साला नेलं. आजही ते तिथल्या एका चर्चच्या खांबात आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा मामाकडे जाणार आहे. दादा आला तर त्यालाही नेईन, अन् आजींना तीच बहिणीची धून वाजवायला सांगीन.

– इयत्ता ७ वी