ललिताबाईंचा डावा डोळा

१९८७ साली रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडत. दूरदर्शनवर 'रामायण' सुरू असे. कुबड काढलेली मंथरा डोळा बारीक करून कैकेयीचे कान भरू लागली, की घरोघरच्या आज्या तिच्या नावाने बोटे मोडत. ललिता पवार यांना हे शिव्याशाप नवे नव्हते.

येवल्याला १९१६ साली जन्मलेली ही अंबा सगुण मूकपटांच्या काळातच पडद्यावर आली, नायिकाही झाली. १९४२मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांनी तिच्या थोबाडीत मारायचे होते. तो फटका जरा जास्तच जोरात बसला. चेहऱ्याला लकवा झाला. दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा अधू राहिला तो कायमचा, आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. बाईंनी तोच डोळा कामाला लावला. 'रामशास्त्री'तली (१९४४) त्यांची आनंदीबाई ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळे सांगायला नको.

मग खाष्ट सासवांची रांगच लागली. बाईंना तेवढेच जमते, असे आपण ठरवून टाकले. खरे तर हा आपलाच आळस! १९५९च्या 'अनाडी'त हृषिकेश मुखर्जींनी त्यांना मिसेस डिसा केले. भाडेकरू राज कपूरवर वरवर खेकसणारी, आतून त्याच्यावर जीव टाकणारी घरमालकीण. दोषी औषधाने ती मरते, तेव्हा सासू म्हणून त्यांना शिव्या देणाऱ्या बायकाही पदराने डोळे पुसत. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. निर्माते मात्र पुन्हा सासूचीच भूमिका घेऊन दारात उभे राहिले, आणि बाईंनी तीही मन लावून केली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.