पाठांतराकडून अर्थाकडे : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी रविवारच्या शाळेत ऐकले असेल. केडगाव, मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. मीही ते अनेकदा सांगितले आहे. परंतु मागे बंगळुरूस सर्जापूर रोडवरील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात काही दिवस राहण्याचा योग आला, आणि या परिचित चरित्राची एक बाजू मला नव्याने दिसली.

त्या घरातील तिसरीत शिकणारी मुलगी सायंप्रार्थनेच्या वेळी मराठी शास्त्रपाठ वाचीत असे. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी अक्षरे तिला येत होती. उच्चार स्वच्छ होते आणि ती कोठे अडखळत नसे, त्यामुळे घरात सर्वांना तिचे कौतुक. एके सायंकाळी लूककृत शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचून झाल्यावर मी तिला सहज विचारले की, मेंढपाळाने किती मेंढरे मागे ठेविली? ती माझ्याकडे पाहतच राहिली. नव्याण्णव हा शब्द तिने क्षणापूर्वीच मोठ्याने वाचला होता. वाचला होता, इतकेच. दोष तिचा नव्हता. आम्ही मोठी माणसे तिचे वाचन ऐकत होतो. तिला काय उमगले हे कोणी पाहिलेच नव्हते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. ते ठिकाण आज कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांना संस्कृत शिकविणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. तरीही त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ती विद्या दिली आणि तीबद्दल पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधारे उत्तरही दिले. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकविले. घरकामातून सवड मिळणे कठीण, म्हणून पहाटे पाखरे जागी होण्याच्या वेळी त्या निजलेल्या मुलीला उठवून धडा देत. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते असे सांगतात. आठव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईवाचून त्यांना दुसरी शाळा ठाऊक नव्हती.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडे आणि पुराणवाचनावर गुजराण करी. देवळाच्या ओवरीत बसून पोथी वाचावी, श्रोत्यांनी येऊन फुले, धान्य, पैसे ठेवावेत, असा तो व्यवसाय होता. पुढे स्वतःचे अनुभव लिहिताना रमाबाईंनी या व्यवसायाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली आहे. श्रोत्यांना बहुधा संस्कृत कळत नसे आणि कळावे अशी अपेक्षाही नसे, कारण पुण्य श्रवणातच होते. वाचकहो, हे ऐकून हसू नका. युरोपात शेकडो वर्षे सामान्य भाविक लॅटिन उपासना अशाच रीतीने ऐकत आला, आणि आपल्या घरातील सायंप्रार्थनेची गोष्ट मी आताच सांगितली.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांना मृत्यू आला. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच नगरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. आता पाहा, जिने भागवत मुखोद्गत केले होते, ती पंडिता हा ग्रंथ उघडून वाचू लागली आणि तिला त्यातले काही केल्या लागेना. संस्कृत ओळखीचे, पण भाषेची धाटणी आणि शिकवण दोन्ही अनोळखी. हे वाचणे म्हणजे कालापव्यय, असे ठरवून त्यांनी पुस्तक बाजूला ठेविले. माझ्यासारख्या अनुवादकाने ही गोष्ट मेजासमोर लिहून ठेवावी अशी आहे.

१८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला आणि त्या सिल्चरला गेल्या. तेथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना एक लहानशी बंगाली पुस्तिका सापडली. ती लूककृत शुभवर्तमानाची होती. रोजच्या वापरातल्या भाषेतले हे पुस्तक त्यांनी आवडीने वाचले. पुढे ॲलन नावाचे एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीचा पहिला अध्याय त्यांना समजावून देऊ लागले. जे संस्कृतातून बंद राहिले ते बंगालीतून उघडले, कारण शब्द जवळचे होते आणि शेजारी समजावून देणारा कोणी होता.

हे सुख अल्पकाळ टिकले. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पहिले मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते स्त्रियांच्या हितासाठी लिहिलेले असले, तरी त्याची मराठी संस्कृतप्रचुर आहे, आणि ज्या अल्पशिक्षित स्त्रियांकरिता ते लिहिले त्यांपैकी कितीजणींना ते पेलले असेल याची मला शंका वाटते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. रमाबाईंना पुढे किती अंतर चालून जावे लागले, हे मोजावयाचे तर आरंभबिंदू ठाऊक हवा. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी स्त्रीशिक्षिका आणि स्त्री-निरीक्षक मागितल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यक शिकण्याचा मानस वाढत्या बहिरेपणामुळे सोडावा लागला, आणि शिक्षण हेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि तेथे त्यांना फ्रोबेलची बालोद्यान पद्धती सापडली.

या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. फ्रीडरिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली, तिच्यात पाठांतराला अग्रस्थान नव्हते. मुलाच्या हाती आधी लोकरीचा मऊ चेंडू, मग लाकडी गोल, नळकांडे, ठोकळे द्यावयाचे. त्याने ते हाताळावे, मोडून जोडावे, मोजावे, त्यांविषयी बोलावे. आधी वस्तू, मग शब्द. भल्या पहाटे श्लोक घोकून मोठ्या झालेल्या या विदुषीने अठ्ठाविसाव्या वर्षी या बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. अमेरिकन शाळांतील सचित्र वाचनपुस्तके पाहून, तशीच क्रमवार पुस्तके मराठीत करावीत, म्हणून त्या तयारीसही लागल्या. चित्र पाहून मुलाने आधी बोलावे आणि मग खालची ओळ वाचावी, हा या पुस्तकांचा मोठा गुण.

तुमच्या घरात नातवंडे असतील तर ही रीत करून पाहा. मी सर्जापूर रोडवरील त्या मुलीपुढे दुसऱ्या सायंकाळी शंभर चिंचोके ठेविले, दहा-दहांचे ढीग करविले आणि एक हळूच मुठीत लपविला. तिने पुन्हा मोजले, एक कमी भरला, आणि नव्याण्णव हा शब्द तिने स्वतःहून उच्चारला. मग दाखला पुन्हा वाचला. या वेळी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, आजोबा, मेंढपाळ एकाला शोधायला गेला, तर बाकीच्यांना रानात कोण सांभाळीत होते? हा प्रश्न मला चाळीस वर्षांच्या वाचनात पडला नव्हता.

१८८९ मध्ये रमाबाई परतल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. गोदूबाई जोशी, म्हणजे पुढे आनंदीबाई कर्वे, तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी. मुलींना ख्रिस्ती केले जाते, या आरोपावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. त्या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना त्यांनी घेऊन आणिले. १८९८ मध्ये केडगावी मुक्ती सदनाचे समर्पण झाले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुलीही आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपण या मुलींची उपासमार आठवतो. त्यांची भाषा आठवत नाही. अनेकींची बोली हिंदी, अनेकींची गुजराती, आणि शाळा मराठी! त्यांच्यापुढील अडचण सर्जापूर रोडवरील मुलीच्या अडचणीहून फार निराळी नव्हती. इतक्या मुलींना पुरतील एवढ्या शिक्षिका बाहेरून मिळणे शक्य नव्हते. म्हणून थोड्या पुढे गेलेल्या मुलींनी मागच्यांना शिकवावे अशी व्यवस्था झाली. मला वाटते, यातच हित होते. जी काल अडखळली होती तिला आजची अडखळण लवकर ओळखू येते.

याच मुलींकडे पाहून रमाबाईंनी आपले अखेरचे आणि सर्वांत दीर्घ काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृत शब्द खेड्यातल्या स्त्रियांना कळत नाहीत, हे त्यांना रोज दिसत होते. म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण शास्त्राचा साध्या मराठीत अनुवाद करू लागल्या. हिब्रूचे व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केले. ऐकू जवळजवळ येत नव्हते, प्रकृती साथ देत नव्हती, तरी हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. अनुवादक म्हणून माझे मत सांगावयाचे तर, त्यांचे शब्द सोपे आहेत, पण मूळ वाक्यरचनेशी त्या इतक्या एकनिष्ठ राहिल्या की वाक्य पुष्कळदा ताठर होते, आणि मंडळ्यांतून दुसराच अनुवाद रुळला. शब्द सोपा केला म्हणजे वाक्य सोपे होतेच असे नाही, हे आम्हांला त्यांच्या पुढे येऊनही अजून शिकावे लागते. परंतु 'स्त्रीधर्मनीति' आणि हा अनुवाद शेजारी ठेवून वाचा. लेखणी एकाच स्त्रीची आहे, यावर विश्वास बसणे कठीण जाईल.

छपाई मुक्तीच्याच छापखान्यात होत होती. खिळे जुळविणारे हात तेथील मुलींचे होते. खिळ्यावरील अक्षर उलटे असते, त्यामुळे ओळ लक्षपूर्वक वाचल्यावाचून ती बरोबर लागत नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलत्या एका लेकीमागून रमाबाई काही महिनेच जगल्या. अनुवादाचे काम त्यांनी पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. बांधलेली प्रत त्यांनी पाहिली नाही. केडगावच्या मुलींनी ती उघडून वाचली.