वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर

उपचारासाठी वेल्लोरला जाऊन आलेला एखादा तरी माणूस आपल्या ओळखीत असतो. तेथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापिका डॉ. आयडा सोफिया स्कडर यांचा परिचय मात्र आपणांस फारसा नसतो. त्या कॅथलिक नव्हत्या. अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चच्या मिशनरी घराण्यात, तामिळनाडूतील राणीपेट येथे ९ डिसेंबर १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील व आजोबा दोघेही मिशनरी डॉक्टर. आयडांना मात्र या देशात राहायचेच नव्हते.

आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्या अमेरिकेहून काही काळापुरत्या तिंडीवनमला आल्या. तेथे एकाच रात्री तीन पुरुष एकामागून एक दारी आले. तिघांच्याही पत्नी बाळंतपणात अडल्या होत्या. घरात वडील डॉक्टर होते. परंतु परपुरुषाने आपल्या पत्नीला तपासावे हे त्या तिघांनाही मान्य नव्हते, आणि आयडांना तर वैद्यकाचा गंधही नव्हता. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया दगावल्या.

त्या रात्रीने आयडांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८९९ साली कॉर्नेल येथून वैद्यकीय पदवी घेऊन त्या परतल्या. १९०२ साली वेल्लोरमध्ये स्त्रिया व मुलांसाठी ४० खाटांचे रुग्णालय सुरू झाले. परंतु खेड्यातील बाई रुग्णालयापर्यंत पोहोचणार कशी? म्हणून डॉक्टरीणबाईच खेड्यांकडे निघाल्या, आरंभी बैलगाडीने, पुढे मोटारीने. ठरलेल्या झाडाखाली गाडी थांबे. तेथे रुग्णांची गर्दी आधीच जमलेली असे. गळवे फोडणे, डोळे धुणे, औषध देणे, आणि लगेच पुढचे झाड. पुढे विद्यार्थिनीही या फेऱ्यांत सोबत असत. पुस्तकांत न सापडणारे वैद्यक त्या तेथे शिकल्या, असे आम्हांस वाटते.

एकट्या डॉक्टरने हे काम संपणारे नव्हते. १९१८ साली, अनेक अधिकाऱ्यांना शंका असतानाही, १७ मुलींना घेऊन वैद्यकीय शाळा सुरू झाली. (आपल्या धर्मभगिनींना प्रसूतिसेवेची स्पष्ट मुभा रोमहून १९३६ साली मिळाली, हे येथे आठवते.)

खरी कसोटी पुढेच होती. पदविका अभ्यासक्रम बंद करून केवळ विद्यापीठाची पदवी देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. वेल्लोरकडे त्यासाठी पुरेसे प्राध्यापक नव्हते, पैसाही नव्हता. मुलांनाही प्रवेश दिला तर इतर मिशनांचे साहाय्य मिळणार होते. पण केवळ स्त्रियांसाठी देणगी देणाऱ्या अमेरिकेतील जुन्या मैत्रिणींना तो विश्वासघात वाटला. स्त्रियांसाठीच आयुष्य वेचलेल्या आयडांनी अखेर सहशिक्षण मान्य केले. निर्णय सोपा नव्हता, मैत्री दुरावली. सत्तरी ओलांडलेल्या आयडा निधीसाठी अमेरिकेत गावोगाव फिरल्या. १९४२ साली मद्रास विद्यापीठाची मान्यता मिळाली आणि त्याच दशकात मुलांनाही प्रवेश खुला झाला.

कोडाईकनाल येथे २४ मे १९६० रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, डॉ. आयडा प्रभुघरी गेल्या.