राजर्षि शाहू छत्रपति आणि रानांतले पारधी

नारायण पेठेंतून मुठा नदीचा पूल ओलांडून शिवाजीनगरास, म्हणजे पूर्वींच्या भांबुर्ड्यास, गेलें असतां श्रीशिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा दृष्टीस पडतो. त्याची कोनशिला इ. स. १९२१ मध्यें बसविण्यांत आली. या कामीं पुढाकार घेणारे पुरुष म्हणजे कोल्हापूरचे श्रीशाहू छत्रपति होत. पुतळ्याचें अनावरण इ. स. १९२८ मध्यें झालें. तें पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. वसतिगृहें, सक्तीचें प्राथमिक शिक्षण आणि मागासलेल्या जातींसाठीं राखून ठेवलेल्या जागा यांमुळें त्यांचें नांव घरोघरीं ठाऊक आहे. परंतु हा राजा मोठा शिकारीहि होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा कानीं येत नाहीं. त्यांच्या चरित्राची ही बाजू येथें सांगावयाची आहे.

महाराजांचा जन्म ता. २६ जून १८७४ रोजीं कागलकर घाटगे यांच्या घराण्यांत झाला. त्यांचें मूळचें नांव यशवंतराव. ता. १७ मार्च १८८४ रोजीं ते कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेले. पुढें राजकोट व धारवाड येथें त्यांचें शिक्षण झालें, आणि ता. २ एप्रिल १८९४ रोजीं वयाच्या विसाव्या वर्षीं त्यांनीं राज्यकारभार हातीं घेतला. शरीर धिप्पाड, घोड्यावर मांड पक्की आणि कुस्तीची आवड मोठी. रानडुकराचा पाठलाग घोड्यावरून करून भाल्यानें त्यास मारणें हा त्यांचा आवडता खेळ असे.

त्याहूनहि त्यांना प्रिय होती ती चित्त्याकडून करविलेली काळविटाची शिकार. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्यास बैलगाडींत बसवीत. गाडीस हरणें फारशीं भीत नाहींत. तेव्हां ती हळूहळू कळपाजवळ नेतां येई. मग चित्तेवान टोपी काढी, आणि तें जनावर बाणासारखें सुटे. थोड्याच अंतरांत काळवीट हातीं लागला तर लागला. नाहीं तर चित्ता दमून बसे.

असा चित्ता मिळवावयाचा कसा? बछडें पाळून वाढविलें तर त्याचा उपयोग होत नसे, कारण शिकारीची विद्या त्याला त्याची आईच शिकविते. म्हणून रानांत वाढलेला, शिकारींत तरबेज झालेला चित्ताच जिवंत धरावा लागे. हें काम पिढ्यान् पिढ्या फासेपारधी करीत आले. चित्त्यांचीं कांहीं ठराविक झाडें असतात. तेथें ते वारंवार येऊन नखें घांसतात व आपली खूण ठेवून जातात. पारधी पावलांच्या ठशांवरून तें झाड शोधून काढी, बुंध्याभोवतीं फासे मांडी आणि निमूटपणें वाट पाही. तित्तिराची हुबेहूब हांक काढून तित्तिर जवळ आणावा तोहि त्यानेंच. धुळींतील एका ठशावरून जनावर कोणतें, कोणीकडे गेलें व केव्हां गेलें हें तो सांगे. ही विद्या कोणत्याहि पुस्तकांत नव्हती. ती बापाकडून मुलाकडे चालत आली होती.

परंतु त्या काळच्या सरकारास या विद्येंत गुण दिसला नाहीं. धोका मात्र दिसला. इ. स. १८७१ मध्यें एक कायदा झाला व इ. स. १९११ मध्यें तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागूं झाला. त्यानें कित्येक जातींच्या जातीच गुन्हेगार ठरविल्या. त्यांत पारधीहि आले. अशा कुटुंबांत मूल जन्मास आलें कीं तें संशयित झालें! पोलिसांपुढें रोज हजेरी द्यावयाची, आणि परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं. ज्यानें चोरी केली नाहीं त्यासहि चोराचें जिणें जगावें लागे. मग उपाशी मनुष्य चोरीकडे वळल्यास नवल तें काय?

महाराजांनीं निराळी वाट धरली. शिक्षेच्या जागीं त्यांनीं काम दिलें. कोल्हापूरजवळ सोनतळी येथें त्यांची छावणी असे. तिच्या आसऱ्यास त्यांनीं पारध्यांना वसविलें, त्यांना रोजगार दिला आणि पहाऱ्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. ज्यांच्यापासून लोक आपलीं घरें राखीत, त्यांच्याच हातीं राजानें आपली राखण दिली. पुढें इ. स. १९१८ मध्यें, गुन्हेगार गणलेल्या जातींवरील हजेरीचा जाचहि त्यांनीं आपल्या संस्थानांत बंद केला. चांगला शिकारी ऐकीव गोष्टीवर विसंबत नाहीं. ठसा स्वतः पाहून मगच निर्णय करितो. माणसांच्या बाबतींतहि महाराजांनीं हाच नियम पाळला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ता. ६ मे १९२२ रोजीं मुंबई येथें अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं महाराजांचें देहावसान झालें. त्यांच्या मागून काळ पालटला. देशी चित्ता दुर्मिळ होत गेला. कोल्हापूरकरांस आफ्रिकेंतून चित्ते आणवावे लागले. इ. स. १९५२ मध्यें भारतांतून चित्ता नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, आणि त्याच वर्षीं तो गुन्हेगारीचा कायदाहि रद्द झाला. ज्या दाजीपूरच्या रानांत राजेलोक शिकार करीत, तें इ. स. १९५८ पासून अभयारण्य झालें आहे. काळविटाची शिकार आतां कायद्यानें बंद आहे, आणि ती तशी असावी हेंच योग्य.

ता. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आठ चित्ते विमानानें आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत ठेवण्यांत आले. गेलेलें जनावर असें परत आणतां येतें. परंतु कायदा जाऊन इतकीं वर्षें लोटलीं तरी पारध्याच्या मुलाकडे संशयानें पाहणारे डोळे अद्याप पुरते निवळले नाहींत. ते निवळविण्यास विमान उपयोगाचें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांत असा एखादा मुलगा येऊन बसला, तर त्याची जात विचारण्यापूर्वीं त्याला काय येतें हें विचारा. शाहू महाराजांचें स्मरण करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.