डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि शरीराचे विणकाम

डिलाईल रोडास कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी ह्यांचे नाव देण्यात आले, त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. तथापि वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी अद्याप डिलाईल रोडच येतो, आणि आमच्या लेखणीतही तोच उतरतो. ह्या भागात एके काळी पहाटेपासून गिरण्यांचे भोंगे वाजत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे आजे व पणजे साचेखात्यात उभे राहून कापड विणीत. कापडाचा कस कसा ओळखावा, हे त्या मंडळींस शिकवावे लागत नसे. ठाण उलगडावे, उजेडासमोर धरावे, आणि उभ्या-आडव्या धाग्यांत कोठे वीण बिघडली आहे हे क्षणात सांगावे, अशी त्यांची नजर तयार झालेली असे. ह्याच वस्तीपासून थोड्या अंतरावर, रेल्वे ओलांडून परळास, एक थोर गृहस्थ अशीच वीण तपाशीत बसत असत. मात्र त्यांच्यापुढील वस्त्र कापसाचे नसून मनुष्यदेहाचे असे. ते गृहस्थ म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर होत. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी अवश्य जाणावे, म्हणून आम्ही ते येथे थोडक्यात देत आहोत.

वसंतरावांचा जन्म ता. १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठी घराण्यात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी विलायतेत घेतले व १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम्. डी. ही पदवी संपादन केली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरात कोणते फेरफार होतात ह्याचा विचार करणारे शास्त्र. विलायती पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास त्या काळी खाजगी धंद्यात पैसा व लौकिक दोन्ही मिळण्यासारखे होते. वसंतरावांनी मात्र अध्यापन व संशोधन हा मार्ग पत्करला. ग्रँट मेडिकल कॉलेजात व परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. ह्या शास्त्राचा पाया आमच्या देशात घालणारांमध्ये त्यांची गणना प्रथम होते.

त्यांचे कार्य समजण्यासाठी शरीराच्या विणकामाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. एकाच प्रकारच्या रचनेच्या पेशी एकत्र येऊन एकच काम करू लागल्या, म्हणजे त्या समूहास ऊती असे म्हणतात. संस्कृतात ऊत म्हणजे विणलेले. पाश्चात्य भाषांतील ऊतिवाचक शब्दही विणकामावरूनच आलेले आहेत. फ्रान्स देशातील झाव्हिए बिशा नामक शरीरशास्त्रज्ञाने, सूक्ष्मदर्शक यंत्राचा आधार न घेता, केवळ शवांची बारकाईने चिकित्सा करून २१ प्रकारच्या ऊती वर्णन केल्या. तो १८०२ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी वारला. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ह्या ज्ञानास निश्चित रूप आले, आणि आज सर्व ऊती चार मुख्य वर्गांत मांडल्या जातात.

पहिला वर्ग अभिस्तर ऊतींचा. ह्या शरीराच्या बाहेरील त्वचेवर व आतील पोकळ्यांवर अस्तराप्रमाणे पसरलेल्या असतात. ह्यांच्या पेशी एकमेकींस घट्ट चिकटलेल्या असून त्यांच्या खाली एक पातळ आधारपटल असते. काम जसे, तशी रचना. फुप्फुसातील वायुकोशांत हवेची देवघेव त्वरित व्हावयाची असते, म्हणून तेथे चपट्या पेशींचा एकच थर असतो. लहान आतड्यात अन्नरस शोषावयाचा असतो, म्हणून तेथे उंच, स्तंभासारख्या पेशी असतात. श्वासनलिकेतील पेशींवर बारीक रोम असून ते धूळ व कफ वर लोटतात. गालाच्या आतल्या बाजूस मात्र चावण्याचे घर्षण सतत सोसावे लागते, म्हणून तेथे पेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. वरचा थर झिजतो, आणि तळच्या थरातील पेशी विभागून त्याची भरपाई करतात.

दुसरा वर्ग संयोजी ऊतींचा. ह्यांच्या पेशी विरळ असून त्यांच्यामध्ये तंतू व आधारद्रव्य भरलेले असते. हाड कठीण, कूर्चा लवचीक, चरबी मऊ आणि रक्त तर प्रवाही; तथापि ही सर्व एकाच कुळातील होत. जोडणे, आधार देणे व पोषण पोहोचविणे हे ह्यांचे कार्य. तिसरा वर्ग स्नायू ऊतींचा. हातापायांचे पट्टेदार स्नायू आपल्या इच्छेप्रमाणे चालतात. जठर व आतडी ह्यांचे स्नायू आपल्या आज्ञेवाचून चालतात. आणि हृदयाचे शाखायुक्त स्नायू तर दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावूनही जन्मभर विसावा घेत नाहीत. चौथा वर्ग चेता ऊतींचा. ह्यांतील काही पेशींचे तंतू कण्यापासून पावलापर्यंत, म्हणजे जवळजवळ १ मीटर लांब असतात, आणि निरोप आणण्या-नेण्याचे काम करतात.

रोगाची शंका आली म्हणजे शस्त्रवैद्य त्या जागेचा लहानसा तुकडा काढून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवितो. तो तुकडा प्रथम फॉर्मालिनमध्ये ठेवतात, नंतर त्यातील पाणी काढून मेणात बसवितात, आणि विशिष्ट यंत्राने त्याचे काप घेतात. एका कापाची जाडी १ मिलिमीटरच्या सुमारे २०० व्या भागाइतकी असते. असा काप जवळजवळ पारदर्शक असल्याने तो रंगवावा लागतो. गिरणीच्या रंगखात्यात काम केलेल्यांस हे ऐकून कौतुक वाटेल की, ह्यासाठी वापरावयाचा एक मुख्य रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो, आणि तो पूर्वी कापड रंगविण्यासही वापरीत. त्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात. दुसऱ्या रंगाने बाकीचा भाग गुलाबी दिसतो. मग जाणत्या नजरेस वीण कोठे बिघडली ते कळते.

ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडण्यात आले, आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे वसंतरावांच्या हाती आली. त्यांच्यापुढे येणाऱ्या तुकड्यांत तोंडाच्या कर्करोगाचे तुकडे फार होते. गालाच्या अस्तरातील पेशी आपली शिस्त सोडून वाटेल तशा वाढलेल्या, आधारपटल फोडून खालच्या संयोजी ऊतीत शिरलेल्या, असे चित्र त्यांना वारंवार दिसे. रोगाचे नाव लिहून कागद परत पाठविला असता तरी त्यांचे कर्तव्य पुरे झाले असते. परंतु वसंतराव तेवढ्यावर थांबले नाहीत. हा तुकडा ज्याच्या तोंडातला, तो मनुष्य कोण, कोठला, काय खातो, काय ओढतो, ह्याची त्यांनी चौकशी आरंभिली. तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला.

त्यातून जे दिसले ते विचार करण्याजोगे होते. मुंबईतील निरनिराळे समाज एकाच शहरात, एकाच हवेत व एकाच पाण्यावर राहत असता, रोगाची जागा समाजागणिक बदलत होती. तंबाखू-चुना चघळणारांस तो मुख्यत्वे गालात होई, तर विडी ओढणारांस जिभेच्या मागील भागाकडे व घशाकडे होई. मग अंतर कशाचे, तर सवयीचे. पुढील वर्षी सहकाऱ्यासमवेत लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी हाच धागा पुढे नेला. धोतर वर्षानुवर्षे कमरेस घट्ट आवळल्याने त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो, आणि चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणारांस तो टाळ्यावर होतो, असे त्यांनी दाखविले. तोवर ज्यास लोक प्रारब्ध समजत, त्यातील मोठा भाग मनुष्याच्या हातचा आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केले. जो रोग सवयीने येतो, तो सवय सोडल्याने पुष्कळ अंशी टळतो.

कर्करोगाखेरीज महारोगाच्या अभ्यासातही त्यांचे नाव मोठे आहे. त्या रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे काप तपासून, जंतूंचे व चेता ऊतींचे नाते किती निकटचे आहे हे त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. चट्टा बधिर का होतो ह्याचे कारण तेथेच आहे. चेतातंतू बिघडला की निरोप पोहोचत नाही, आणि रोग्यास हात भाजल्याचेही कळत नाही. पिढ्यान्पिढ्या ज्यांस समाजाने दूर लोटले, त्या रोग्यांकडे वसंतरावांनी शास्त्रज्ञाच्या स्वच्छ नजरेने पाहिले.

१९५२ साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याचे ते पहिले संचालक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे ह्यांनी त्याच केंद्रात, शरीराबाहेर काचपात्रात ऊती जिवंत ठेवून वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. स्त्रियांनी प्रयोगशाळेत काम करणे विरळा होते अशा काळातील ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावी. वसंतरावांस १९५४ साली पद्मभूषण हा किताब मिळाला, आणि १९६० ते १९६३ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. ता. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

गिरण्यांचे भोंगे आता थांबले. तंबाखूची पुडी मात्र थांबली नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरीही शाळेच्या वाटेवर रिकाम्या पुड्या आमच्या पायांखाली येतात. तंबाखू आणावयास मुलास दुकानी धाडणारे पालकही आम्ही पाहिले आहेत. आम्ही त्यांस दोष देण्यास बसलो नाही. लांबलचक पाळीत झोप व भूक मारण्यासाठी मागच्या पिढीने चिमूट तोंडात धरली, आणि तीच सवय घरात राहिली. परंतु गालाचे ते अस्तर, जे आपली झीज स्वतः भरून काढते, त्याच्याही सोसण्यास सीमा आहे. नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिच्यामुळे अस्तराखालील संयोजी ऊती कठीण होऊन तोंड उघडेनासे होते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, अथवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता डॉक्टरास दाखवावे. रोग आरंभी ओळखला तर बरा होण्याची आशा फार मोठी असते.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या पणजोबांनी विणलेल्या कापडात चूक राहिली तर ते ठाण बाजूस काढता येत असे. देहाचे वस्त्र मात्र आपणांस एकदाच मिळते. त्याची वीण जपण्याचा मार्ग वसंतरावांनी दाखवून ठेविला आहे. आज सायंकाळी घरी गेल्यावर हा लेख वडील मंडळींस वाचून दाखवावा, इतकीच आमची विनंती आहे.