लक्ष्मणरावांचे सोबती

औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ १९१० साली अगदी ओसाड होता. जिकडे पाहावे तिकडे निवडुंग, आणि निवडुंगाच्या जाळीत नाग! अशा जागी सुमारे पंचवीस कामगार बायकामुलांसह राहावयास आले. त्यांना येथे घेऊन येणारे गृहस्थ म्हणजे लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या एका तंत्रशाळेत ते शिकवीत असत. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावास परतले. बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि पुढे लोखंडी नांगर घडविला. परंतु तो घेणार कोण? शेतकरी जुन्नर-आंबेगावचा असो की कृष्णाकाठचा, त्याची श्रद्धा लाकडी नांगरावर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली! त्यातच कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा माळ देऊ केला.

यंत्र करणाराचे नाव सर्वांस ठाऊक होते. त्याच्याबरोबर राबणारांची नावे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वसाहतीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. कोठे अडचण उभी राहिली की के. के. कुलकर्णी धावून जात. अनंतराव फळणीकर तर शाळा अर्धवट सोडलेले. पण त्यांची कल्पकता अशी की ते कारखान्याचे अभियंते झाले. दाखला पाहून माणूस निवडणाराने त्यांना दारातूनच परत पाठविले असते.

आणि राखणदार कोण? तुकाराम व पिऱ्या. दोघेही दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले! अशांच्या हाती रात्रीची राखण देणे पुष्कळांस वेडेपणाचे वाटले असते. माणूस मुळात चांगला असतो, हा लक्ष्मणरावांचा विश्वास होता. कारखान्यातील सामान, नवी घरे, घरांत निजलेली मुले, सारे काही त्यांनी या दोघांवर सोपविले. तो विश्वास दोघांनीही राखला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. कुंडल रोड हे नाव तोवर मागे पडले होते. त्या स्टेशनास लोक किर्लोस्करवाडी म्हणू लागले होते.