कल्याणची यमुना

कल्याण हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाव. पूर्वी खाडीतून गलबते येत. १८५४ साली आगगाडी आली. आज जंक्शनवर उतरणाऱ्या गर्दीत कोण कुठल्या जिल्ह्याचा हे सांगता येणे कठीण.

अशाच परगावाहून आलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत साक्षरता वर्ग चालवला. वर्गात नऊ जणी होत्या, बहुतेक मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या. मी मोठ्या उत्साहाने अंकलिपी घेऊन गेले. पण अननसाच्या पुढे आमची गाडी सरकेना. दुसऱ्या आठवड्यात पाच जणीच उरल्या. दिवसभर घमेली वाहून दमलेल्या बाईने त्या अननसाचे करायचे तरी काय? शेवटी अंकलिपी पिशवीत ठेवली आणि याच गावातल्या एका मुलीची गोष्ट सांगायला घेतली.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि वयाने तिच्याहून पुष्कळ मोठा. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. सासरी यमुनेची आनंदी झाली आणि तिच्या हाती पाटी आली. त्या दिवशी मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, टपाल. त्या तीन अक्षरांतून पाल निघाली, पाट निघाला, लाट निघाली. लाट आली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बोट आणणे भागच होते.

टपाल खात्याच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंचा संसार अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज करत पुढे बंगालपर्यंत गेला. हे बायकांना समजावून सांगावे लागले नाही. मुकादम नेईल तिकडे बिऱ्हाड हलवणाऱ्या त्या. नव्या गावात दुकानाची पाटी वाचता न येणे म्हणजे काय, हे त्या माझ्यापेक्षा अधिक जाणत होत्या. पुढच्या आठवड्यात आम्ही गावांची नावे वाचली. गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, असे त्यांच्या मनाने घेतले. बाईच्या दुखण्याला बाईच डॉक्टर हवी, हा निश्चय त्यातून पक्का झाला. हा भाग सांगितला त्या संध्याकाळी कोणीही पाटी उचलली नाही. मीही आग्रह केला नाही.

पुढची गोष्ट पत्रांची. १८७८ साली गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाला साह्य मिळावे म्हणून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ते वाचले आणि आपणहून आनंदीबाईंना लिहिले. उत्तर इंग्रजीतून गेले. नऊ वर्षांची असताना पाटीवर अक्षरे गिरवणारी मुलगी आता परक्या भाषेत परक्या बाईला आपले मन कळवत होती. कधी न पाहिलेल्या त्या बाईंना तिने मावशी मानले.

फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या सभेत उभे राहून आपण अमेरिकेला का जातो हे आनंदीबाईंनी सांगितले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता, वय अवघे अठरा. जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्क आले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे त्यांनी थंडी, आजारपण आणि आपला शाकाहार सांभाळून अभ्यास केला. हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

येथवर सगळे छान चालले होते. मग मी गोपाळरावांची दुसरी बाजू सांगितली. अभ्यास चुकला की ते मारीत. लाकडाचे तुकडे आणि खुर्च्या फेकून मारल्याची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेहून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात करून दिली आहे. त्याच पत्रात त्यांचे ऋणही मानले आहे. ही दोन टोके एकत्र कशी बांधायची, मला कळत नव्हते. वर्गातल्या एकीने विचारले की मग तो माणूस चांगला की वाईट? मी गप्प राहिले. कारण थोड्याच वेळापूर्वी तिच्या लहान मुलीने पाटीवर रेघोट्या ओढल्या म्हणून मी तिच्या हातून पाटी हिसकावून घेतली होती. मुलगी कोपऱ्यात बसून होती. मी उठून पाटी तिला परत दिली. गोपाळराव नसते तर आनंदीबाई शिकल्या नसत्या हे खरे. पण मार खाल्ल्यामुळे त्या शिकल्या असे म्हणायला मी आता तयार नाही. लिहिण्यासारखे खूप काही आणि ते वाचणारी कोणी मावशी, या दोन गोष्टी मिळाल्यावर त्यांची लेखणी धावली, असे मला वाटते.

शेवट सांगताना जड गेले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पूकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, या कल्याणच्या मुलीच्या नावाचा दगड आहे.

एवढे शिकून एकही रोगी तपासला नाही, मग उपयोग काय झाला, असे एकीने विचारले. प्रश्न रास्त होता. मला एवढेच सुचले, की त्यांनी लिहून ठेवले म्हणून त्यांना काय दुखले ते आज आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी या गावात इतरही किती मुलींची लग्ने झाली, मुले गेली. त्यांचे काय झाले ते कोण सांगणार?

वर्ग पावसाळ्यापूर्वी संपला, कारण काम संपले आणि मुकादमाने माणसे दुसरीकडे हलवली. शेवटच्या दिवशी सात जणी होत्या. प्रत्येकीने पाटीवर आपले नाव आणि त्याखाली आपले गाव लिहिले. दोघींच्या गावाच्या नावात काना राहिला होता. ते कोणते गाव हे मला विचारावे लागले नाही.